तीनची नोंद

कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल इंजिनं खोलता-बसवता मला मूल्यांकनाची सरकारी कामं मिळू लागली. जप्त ट्रक, जीप, कधी लाँच. लिलावाआधी किंमत ठरवून द्यायची. गगनबावड्याचा घाट उतरला की कोकण, त्यामुळे कस्टम खात्याला कोल्हापूरचा माणूस सोयीचा. लाँचच्या मूल्यांकनात अर्धा वेळ टोच्याने लाकूड टोचून कूज शोधण्यात जातो आणि उरलेला अर्धा कुलपाच्या चावीची वाट बघण्यात.

ही लाँच 1980च्या दशकातली, सोन्याच्या स्मगलिंगमध्ये पकडलेली. सुवर्ण नियंत्रण कायदा अजून होता (तो 1990 साली गेला), आणि दुबईचं सोनं दहा तोळ्यांच्या बिस्किटांत यायचं. एक बिस्कीट 116.64 ग्रॅमचं. शंभर बिस्किटं म्हणजे साडेअकरा किलोंच्या वर, पण आकारमान जेमतेम सहाशे मिलिलिटर. एवढ्या मालाला चोरकप्पा लागत नाही, लागतं ते ठरल्या रात्री ठरल्या जागी पोचणारं इंजिन. लोकांना वाटतं स्मगलरला वेग हवा असतो. सिनेमाने केलेलं नुकसान. या लाँचची पाण्यातली लांबी 36 फूट. वर्गमूळ सहा, गुणिले 1.34, म्हणजे जास्तीत जास्त वेग आठ नॉट. अशा बुडाच्या लाकडी होडीत दुप्पट ताकदीचं इंजिन घातलं तरी ती फक्त जास्त डिझेल पिते आणि पाठीमागे मोठी लाट उठवते.

इंजिनरूममध्ये उतरलो आणि टॉर्च तसाच धरून उभा राहिलो.

लेलँडचं सहा सिलिंडर इंजिन. मासेमारीच्या लाँचवर अशा इंजिनाभोवती चिंध्या, काथ्या आणि तेलाचा राडा असतो. इथे प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टला दुपदरी तार पिळलेली, आणि ती योग्य दिशेने, म्हणजे बोल्ट सुटायला लागला तर तार ताणली जाईल अशी. डिझेल फिल्टर दोन, मध्ये फिरवायचा कॉक, म्हणजे इंजिन चालू ठेवून एक साफ करता येतो. लाँच हलली की टाकीच्या तळाचा गाळ ढवळून फिल्टर तुंबतो. भर समुद्रात इंजिन बंद पडण्याचं सगळ्यात सामान्य कारण तेच.

एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडून आवाज दाबला होता. ही युक्ती पुष्कळांना माहीत असते आणि पुष्कळांची इंजिनं तिच्यापायीच मरतात. इंजिन थांबलं की पाणी उलटं सिलिंडरमध्ये येतं, पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकतो. इथे पाइप आधी पाण्याच्या पातळीच्या बराच वर नेऊन, वळवून, मग पाणी सोडलं होतं. डिझेल पंपाच्या रॅकचा स्टॉप (इंजिनात जास्तीत जास्त किती डिझेल जाईल ते ठरवणारा अडसर) किंचित मागे घेतलेला, काळा धूर निघू नये म्हणून. पाण्यातला पंखा (प्रोपेलर) बदलून जास्त पिचचा बसवलेला, म्हणजे कमी फेऱ्यांत तेवढंच अंतर. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाला होडीच्या तळात साचलेल्या पाण्यातून ओढणारी दुसरी शाखा, जाळीसकट. होडी फुटली तर इंजिनच तिला उपसणार.

इन्स्पेक्टरला विचारलं, ड्रायव्हर कोण होता? म्हणाला, ''नेव्हीतला. एकाहत्तरच्या लढाईत इंजिनरूमवर होता म्हणे.'' वाटलंच होतं. ही लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीची, नौदलाच्या इंजिनवाल्यांना शिकवणाऱ्या केंद्राची शिस्त.

लढाईतली इंजिनं आणि माणसं चोरट्या व्यापारात जाणं नवं नाही. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत दारूबंदी आली (1920 ते 1933), तेव्हा विमानांसाठी बनवलेली चारशे अश्वशक्तीची लिबर्टी इंजिनं भंगारभावात घेऊन दारूच्या होड्यांत बसवली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोरोक्कोतल्या टँजियर बंदराहून अमेरिकन सिगारेटी स्पेन-इटलीकडे नेल्या त्या विक्रीला काढलेल्या नौदलाच्या वेगवान बोटींनी, आणि त्यांवरची कितीतरी माणसं नौदलातूनच सुटलेली. सरकारने बोटी विकल्या. माणसांना रात्री दिवे बंद करून किनाऱ्याला लागायला शिकवलं होतं, ते परत घ्यायची सोय नव्हती. आपल्याकडे चोरट्या व्यापाराला आळा घालायला तटरक्षक दल उभं राहिलं (1977 साली सुरुवात, 1978 साली कायदा), तेव्हा त्याची पहिली जहाजंही नौदलाकडूनच आलेली, कृपाण आणि कुठार.

आणि आमच्या जिल्ह्यात? गावंच्या गावं फौजेत. तेव्हा पंधरा वर्षं नोकरी करून माणूस पस्तिशीत परत यायचा, आणि त्याला मिळायची ती साखर कारखान्याच्या गेटवरची किंवा बँकेच्या दारातली खुर्ची. हात इंजिनावर बसलेला असला तरी खुर्ची तीच. मी त्या ड्रायव्हरची वकिली करत नाही. आयटीआयची चार पोरं त्याच्या हाताखाली दिली असती तर उद्यमनगराला उपयोग झाला असता, एवढंच.

फॉर्ममध्ये रकाने ठरलेले: सांगाडा, इंजिन, गेअरबॉक्स, इतर. मी शेऱ्यात लिहिलं की जादा पाइपिंग आणि फिल्टर काढू नयेत, त्यांच्यासकट लाँचला चांगली किंमत येईल. साहेबांनी ती ओळ खोडली. त्यांच्या मते ते 'गुन्ह्यासाठी केलेले फेरफार'. सगळं सुटं केलं, पितळ वेगळं तोललं आणि लिलावात इंजिन साध्या इंजिनाच्या भावाने गेलं. उलटं पाणी थोपवणारा तो वळसाही कापला. घेणाऱ्याने एक्झॉस्ट पुन्हा कसा जोडला असेल देव जाणे.

फळीला लटकवलेली नोंदवही मात्र मी नीट वाचली होती. तासातासाची नोंद: तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, तळातलं पाणी. पंचनाम्याप्रमाणे कस्टमची माणसं लाँचवर चढली ती रात्री 2 वाजून 40 मिनिटांनी. वहीतली शेवटची नोंद त्याच अक्षरात, तीनची: दाब 45, पाणी 72, तळ कोरडा.