ओझरच्या मिगला डेकल्स लावताना – माझा अनुभव

डेकल, म्हणजे मॉडेलवर पाण्यात भिजवून लावायचं पातळ छापील चित्र, नीट बसणार की नाही हे ते पाण्यात टाकायच्या आधीच ठरलेलं असतं, हे माझं ठाम मत आहे आणि मिग-२१ बायसनचं (मिग-२१ लढाऊ विमानाचं सुधारित रूप) छोटं मॉडेल करताना ते अजून पक्कं झालं. किट १/७२ चं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ रिटायर झालं तेव्हाच मनात घेतलं की हे करायचंच, कारण आम्ही नाशिकचे, ओझरचा मिग विमानांचा कारखाना १९६४ चा, इंजिन कोरापुटला बनायचं आणि बॉडी आपल्याकडे, माझे काका तिथेच मिगमध्ये नोकरीला होते, त्यामुळे पंखावरचा हवाई दलाचा तिरंगी गोल वाकडा बसून चालणारच नव्हतं.

बायसनचा राखाडी रंग मॅट असतो आणि खरी अडचण तिथेच आहे. मॅट रंग हाताला गुळगुळीत लागला तरी बारीक खडबडीत असतो, त्या खड्ड्यांमध्ये डेकलखाली हवा अडकते आणि वाळल्यावर फिल्म (डेकलचा पारदर्शक पापुद्रा) चांदीसारखी चमकते, याला सिल्व्हरिंग म्हणतात. एकदा ते झालं की विमान स्टिकर चिकटवलेलं खेळणं दिसतं. म्हणून आधी ग्लॉस क्लिअर कोट, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर, आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर क्लिअर मारायचा म्हणजे दमट हवेने पांढरट होण्याची भीती, मी पाऊस उघडल्यावरच मारला.

पाण्याचं पण सांगतो. बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर पांढरे डाग राहतात, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणा, स्वस्त मिळतं. जरा कोमट करायचं, डेकल दहा-पंधरा सेकंद बुडवायचं आणि काढून टिश्यूवर ठेवायचं, आपोआप सुटतं. पाण्यातच पोहत ठेवलं तर गोंद धुऊन जातो.

माझं किट बरंच जुनं होतं, डेकल शीट पिवळी पडलेली. ती झिपलॉक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवून ठेवली, पिवळेपणा बराच उतरला. मग शीटवरचं एक नको असलेलं डेकल पाण्यात टाकून बघितलं, त्याचे तुकडे झाले!! म्हणजे बाकीची पण फुटणारच, म्हणून सगळ्या शीटवर मायक्रोस्केलची लिक्विड डेकल फिल्म ब्रशने फिरवली. यानंतर प्रत्येक डेकल कडेने वेगळं कापावं लागतं कारण सगळी शीट एकच फिल्म होते.

आता मायक्रो सेट आणि मायक्रो सोल, म्हणजे डेकल नीट चिकटवणारं आणि डेकल मऊ करणारं अशी दोन द्रावणं. सेट आधी, जिथे डेकल बसणार तिथे, त्यावर डेकल सरकवून जागेवर आणायचं आणि ओल्या कापसाच्या बडने मधून कडेकडे पाणी काढायचं. मग वरून सोल. सोल लावल्यावर डेकल दुधावरच्या सायीसारखं सुरकुततं आणि जीव वर येतो, पण हात लावायचा नाही म्हणजे नाहीच, त्या वेळी ते इतकं मऊ असतं की बोट लागलं की फाटलं. पंखा बंद करून दुसऱ्या खोलीत जा सरळ. वाळता वाळता स्वतःच ताणून पॅनल लाइनमध्ये (पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेषांमध्ये) उतरतं. जिथे नाही उतरलं तिथे नव्या ब्लेडने लाइनवर हलकी चीर आणि परत सोल. केशरी, पांढरा, हिरवा गोल रेषांसकट रंगवल्यासारखा दिसला तेव्हा काकांना फोटो पाठवला, ते म्हणाले "अरे हे तर आपलंच!"

स्टेन्सिल्स, म्हणजे विमानावरच्या बारीक सूचनांची डेकल्स, मात्र कंटाळा आणतात. मुंगीएवढी अक्षरं, उलटी-सुलटी कळत नाहीत, मी एका बैठकीत विमानाची एकच बाजू घेतली. लोक ती सोडून देतात, मला पटत नाही, मिगच्या अंगावरची ती बारीक सूचनांची गर्दीच तर त्याला खरं करते.

सगळं वाळल्यावर ओल्या कपड्याने सोलचे डाग पुसून वरून मॅट कोट मारला, त्याने फिल्मची कड दिसेनाशी होते. पुढचं मिग-२१ एफएल (मिग-२१ चाच एक जुना प्रकार) करतोय, ते पण ओझरचंच, पण चकचकीत मेटलचं, तिथे मॅट कोट चालणार नाही, त्यामुळे फिल्म छपाईच्या अगदी कडेने कापावी लागणार.