सांता मोनिकाच्या वाळूत, तंबूबाहेर

लॉस एंजेलिसच्या डाउनटाऊनहून ई लाइन मेट्रो पकडली की शेवटचं स्टेशन सांता मोनिका. तिथून समुद्र चालत जाण्याइतका जवळ. २२ फेब्रुवारी २०२५, शनिवार. कमी बजेटच्या स्वतंत्र चित्रपटांना दिल्या जाणाऱ्या इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांचं हे ४०वं वर्ष, आणि नामांकनांत पायल कपाडियाचा चित्रपट ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. घरी बसवेना.

हा सोहळा तेव्हा पिअरशेजारी (समुद्रात गेलेल्या धक्क्याशेजारी), पार्किंगच्या जागेत तंबू ठोकून व्हायचा. आत जायला निमंत्रण लागायचं, माझ्याकडे नव्हतं. पण यूट्यूबवर सगळं थेट दिसत होतं. मग तंबू नजरेत राहील अशी वाळूत बसकण मारली आणि फोनवर ओढणीची सावली धरली.

इथलं सन्मानचिन्ह मला फार आवडतं. काठीच्या टोकावर पंख पसरलेला पक्षी आणि काठीला गुंडाळलेली बुटाची नाडी. इंग्रजीत तुटपुंज्या बजेटला ‘शूस्ट्रिंग’ म्हणतात, तीच ही नाडी. दहा लाख डॉलरच्या आत केलेल्या चित्रपटांसाठी जॉन कॅसाव्हेट्स पुरस्कार असतो. तंबूतून टाळ्यांचा आवाज आला तेव्हा माझ्या फोनवर नाव पुकारायचंच होतं! काही सेकंदांनी ऐकलं: शुची तलाटीचा ‘गर्ल्स विल बी गर्ल्स’. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या निवासी शाळेतली गोष्ट. मी एकटीच वाळूत उभी राहून टाळ्या वाजवत होते. त्यातली आई आणि पायलच्या चित्रपटातली नर्स प्रभा, दोन्ही कनी कुसृतीच.

पायलला मात्र मिळालं नाही. आंतरराष्ट्रीय विभागात लॅटव्हियाचा ‘फ्लो’ जिंकला. वाईट वाटलंच. पण तो ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला आहे, त्यामुळे त्याचा राग येईना. माझा जीव अडकला होता छाया कदमच्या पार्वतीत. मुंबईत हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात राबणारी, कागदपत्रं नाहीत म्हणून घर सोडावं लागलेली, शेवटी रत्नागिरीला परतणारी बाई. माझी आत्या बोलते तसं मराठी या यादीपर्यंत पोचलं होतं.

सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘अनोरा’. दिग्दर्शक शॉन बेकर तळमळून बोलला: एका चित्रपटाला तीन-तीन वर्षं जातात, तेवढ्या काळाचं पोट मानधनावर भरत नाही, पैसे आधी मागायला शिका. तंबूत टाळ्यांचा नुसता कडकडाट.

ऊन कलल्यावर वाळू झटकून उठले. स्टेशनकडे चालताना आत्याला मेसेज टाकला, पार्वतीबद्दल. रत्नागिरीत तेव्हा पहाट होत असणार.