भगत आणि भात

नाशिक जिल्ह्यातल्या पेठला निघालो होतो ते मित्राच्या आईला भेटायला. सावळघाट, पाऊस, खचाखच भरलेली काळी-पिवळी, हे सगळं आता पुसट झालंय. एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. आदिवासी पाड्यावरच्या भगताचा, म्हणजे दुखण्यात देवाला कौल लावून उपाय सांगणाऱ्याचा, विषय निघाला आणि पुढच्या सीटवरचा म्हणाला, "भगत म्हणजे भोंदूच!" माझ्या शेजारच्या आजींनी मान खाली घातली. मला ते फार लागलं. त्याहून जास्त लागलं ते मी गप्प बसलो याचं.

संध्याकाळी मित्राच्या ओसरीवर भगतबाबाच बसलेले. मित्राचा पुतण्या दोन दिवस तापाने फणफणलेला. सुपात मूठभर तांदूळ. बाबा चिमटीने दाणे उचलत, जोड्या लावत, एखादा उरला की पुटपुटत. शेवटी सूप सरकवून म्हणाले, "देवाचं मी बघतो, आधी पोराला दवाखान्यात न्या." कुणी मोटारसायकल आणायला धावलं. तोवर मावशींनी ताटं वाढली. वाफाळता भात, उडदाचं वरण.

रक्ताचं जसं रगत झालं, तसाच भक्ताचा भगत. आपले नामदेव पंजाबात 'भगत नामदेव' म्हणूनच पूजले जातात. मुळातला 'भज्' धातू वाटून देण्याचा, वाट्याला येण्याचा. 'भाग' त्यातूनच आला. आणि संस्कृतात 'भक्त' म्हणजे वाट्याला आलेलं अन्न, शिजवलेला तांदूळसुद्धा. त्याचं प्राकृतात 'भत्त' झालं आणि आपल्या ताटात भात. म्हणजे समोर बसलेला माणूस आणि समोर वाढलेला घास, दोघांचं नाव एकाच शब्दातून आलेलं!

भोंदू असतात, नाही कशाला म्हणू? साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण कोकणा, वारली, महादेव कोळ्यांच्या पाड्यांवर रात्री-अपरात्री ज्याचं दार वाजवता येतं, त्याच्या नावालाच शिवी करून टाकायची? गाडीत मी हे बोलायला हवं होतं.

बाहेर मोटारसायकल फुरफुरली. बाबा अर्ध्या ताटावरून उठले, हात धुतला, पोराला घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि मागच्या सीटवर बसले.