कावी-कंबोईचं गढूळ पाणी आणि विमानातून मोजायचं मीठ

बडोद्यातून समुद्र बघायचा म्हटलं की सगळे दमण नाहीतर दीव करतात, पण मामेभाऊ म्हणाला चल कावी-कंबोईला, मग सकाळी दांडिया बाजारात सेव-उसळ हाणली आणि पादरा, जंबुसर करत निघालो. शेवटच्या टप्प्यातल्या रस्त्याबद्दल न बोललेलंच बरं.

इथे मही खंभातच्या आखाताला मिळते. स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत बुडतं, ते बघायला ही गर्दी. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती, पिंडी उघडी, आणि पाणी चहासारखं, म्हणजे ट्रेनमधल्या चहासारखं.

भाऊ रिमोट सेन्सिंगवाला, म्हणजे विमान-सॅटेलाइटवरून दुरूनच मोजमाप करणारा. खिशातून पाण्यातलं मीठ मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, काचेवर थेंब टाकून झाकण लावलं आणि उजेडाकडे धरून म्हणाला बघ. निळ्या-पांढऱ्याच्या मधली रेष गाळामुळे पार पुसट. "मीठ विमानातून मोजलं तर हा गाळ आड येत नाही," म्हणाला, आणि जो सुरू झाला...

पाणी स्वतःहूनच थोडे मायक्रोवेव्ह सोडत असतं, आपण वरून काही सोडायचं नाही, नुसतं ऐकायचं, म्हणून पॅसिव्ह. १.४१३ गिगाहर्ट्झला, म्हणजे साधारण २१ सेंटीमीटरच्या लहरीवर. खाऱ्या पाण्यातून वीज जास्त वाहते, म्हणून ते गोड्या पाण्यापेक्षा कमी सोडतं आणि रेडिओमीटरला, म्हणजे हे ऐकणाऱ्या यंत्राला, थंड दिसतं. किती थंड? किलोमागे एक ग्रॅम मीठ वाढलं तर कोमट पाण्यात जेमतेम अर्धा केल्विन, म्हणजे अर्धा अंश! तेही वरच्या सेंटीमीटरभर पाण्याचंच, शिवाय पाण्याचं तापमान वेगळ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्यायचं, आणि वाऱ्याने लाटा उठल्या की सगळा हिशेब परत.

मी म्हटलं, अरे मग सॅटेलाइट आहेत ना. आहेत की, २००९ चा स्मॉस, २०११ चा ॲक्वेरियस (तो २०१५ ला बंद पडला), २०१५ चाच स्मॅप. पण स्मॅपचा एक ठिपका, म्हणजे एका मोजणीत येणारा तुकडा, ४० किलोमीटरचा, त्यात मही, खाडी, जंबुसरची शेतं सगळी खिचडी, आणि जमीन या लहरीत पाण्याच्या दुपटीहून जास्त झळकते, तिच्यापुढे अर्ध्या केल्विनला कोण विचारतं. विमान खालून उडतं म्हणून ठिपका लहान, ऑस्ट्रेलियात हर्बर्ट नदीच्या तोंडाशी असंच मोजलंय.

तेवढ्यात भरती लागली. बघता बघता पिंडी गेली, मग पायऱ्या, सगळे मागे सरकले, मी घाईत बाटली भरून घेतली.

रात्री ओट्यावर तिच्या तळाला दोन बोटं गाळ बसला तेव्हा कुठे रिफ्रॅक्टोमीटरची रेष धारदार दिसली. आई म्हणाली, आधी ती बाटली उचल, दुधाशेजारी काय ठेवतोस.