कशाभिका दिसली : नोंद चौथी

मंडळी, जिवाणूची पोहायची शेपटी, म्हणजे कशाभिका, परवा रात्री दिसली! लालसर दांडीभोवती केसांसारख्या नागमोडी रेषा, १००० पट मोठ्या केलेल्या. अख्ख्या स्लाइडवर अशा तीनच दांड्या, बाकी नुसते रंगाचे डाग. तरी सासूबाईंना उठवून दाखवल्या.

नमुना तोच, धानाची तणस उकळून ठेवलेलं पाणी. उकळीतून टणक कवचाचे बीजाणू तेवढे तगतात, म्हणून तिसऱ्या दिवशी पाण्यावर येणाऱ्या सायीत बहुतेक बॅसिलस (बीजाणू करणारे दांडीसारखे जिवाणू) असतात. झुलत्या थेंबात (काचेखाली लटकवलेल्या थेंबात) ते पळताना दिसत होतेच. पण कशाभिका जेमतेम २० नॅनोमीटर जाड, आणि आपल्या सूक्ष्मदर्शकाला २०० च्या खालचं वेगळं दिसत नाही. म्हणून टॅनिक आम्लाचा लेप देऊन ती जाड करायची आणि फुक्सिनने रंगवायची. आधी हिरड्याचा काढा वापरून पाहिला, नुसता काळा गाळ बसला. विकतचं टॅनिक आम्ल आणल्यावरही दोन आठवडे काही दिसेना. चूक हाताची होती. मी तारेने थेंब पसरवत होते, त्यात कशाभिका तुटत होत्या. आता काच तेलकटपणा जाईपर्यंत धुते, तिरपी धरते आणि थेंब आपोआप ओघळू देते.

हे सगळं करताना माझी जुनी विडालची, म्हणजे टायफॉइडच्या रक्ततपासणीची, चिठ्ठी आठवली. आमच्याकडे ताप चार दिवस उतरला नाही की विडाल करतातच. चिठ्ठीवर टीओ १:८०, टीएच १:३२० (रक्तातलं पाणी किती पातळ करेपर्यंत प्रतिक्रिया दिसली, ते हे आकडे). त्यातला 'एच' म्हणजे कशाभिकाच! काचेवर फुंकर मारल्यावर धूसर थर येतो, तसे प्रोटिअस जिवाणू बशीभर पसरतात. त्यावरून जर्मन 'हाउख', म्हणजे श्वास. माझ्या रक्ताने टायफॉइडच्या जिवाणूच्या शेपटीविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) केली होती. ती बरं झाल्यावरही बराच काळ राहतात, म्हणून एकट्या विडालवर निदान ठरवू नये, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

याहून सुंदर गोष्ट टीएलआर-५ ची. शेपटी ज्या प्रथिनाच्या कणांची बनते ते फ्लॅजेलिन. ते ओळखणारा आपल्या पेशींवरचा हा ग्राही (रिसेप्टर), २००१ मध्ये कळला. प्रतिपिंडं बहुतेक शेपटीचा बाहेरचा, सतत बदलणारा भाग धरतात. हा ग्राही मात्र आतला, कण एकमेकांत बसवणारा भाग ओळखतो. तो बदलला तर शेपटीच नीट जुळत नाही, त्यामुळे जिवाणूला पळवाट अवघड. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीने मात्र ती काढली : तिथे बदल केला, दुसरीकडे भरपाई केली, आणि पोहणंही टिकवलं. मला हे वाचून रात्रभर झोप लागली नाही. (शिगेलाला शेपटीच नाही, तरी रक्ती हगवण होते, म्हणजे शेपटी हे एकच हत्यार नव्हे.)

सांडपाणी किंवा आजाऱ्याचे नमुने घरी वाढवू नका, तणस पुरेशी आहे. पुढच्या खेपेला बांधीतली माती घेऊन पाहते. लेप किती मिनिटं ठेवता? माझ्या दहा मिनिटांत डाग फार बसतात.