डोळ्यांपलीकडचे

स्मरणिकेसाठी लिहिण्याविषयीचे आपले पत्र आले आणि शाळेची घंटा, मधली सुट्टी, राजवाड्यापर्यंतची पायपीट यांच्याही आधी मला 'परोक्ष' हा शब्द आठवला. तो ज्या संस्कृतच्या सरांनी दिला, त्यांचे नाव आपल्या शाळेत कोणाला सांगावे लागणार नाही.

नववीत वर्गाच्या खिडकीची काच फुटली. चेंडू माझाच होता. खुलाशाच्या अर्जात मी ऐटीत लिहिले, 'सदर काच माझ्या अपरोक्ष फुटली.' सरांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "शाबास, कबुली दिलीस! अपरोक्ष म्हणजे डोळ्यांदेखत." मग त्यांनी फळ्यावर शब्दाची फोड केली : पर म्हणजे पलीकडे, अक्ष म्हणजे डोळा, डोळ्यांपलीकडचे ते परोक्ष, आणि त्याला 'अ' लागला की ते पुन्हा समोर येते, म्हणूनच वेदान्ती साक्षात अनुभवाला अपरोक्ष म्हणतात. काचेचे पैसे अर्थातच भरावे लागले.

पुढे पाणिनीचे 'परोक्षे लिट्' हे सूत्र आले. बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी संस्कृतात क्रियापदाचे 'लिट्' हे निराळे रूप आहे; मराठीत ते नाही, पण आपल्याकडे 'म्हणे' आहे, असे सांगून सर 'रामो वनं जगाम' याचा अर्थ 'राम म्हणे वनात गेला' असा करवून घेत. (परीक्षेत तसे लिहू नका, ही तंबीही असे.) स्वतःचेच कृत्य न पाहिलेले कसे असेल, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी झोपेतल्या बडबडीचे जुने उदाहरण दिले, 'सुप्तोऽहं किल विललाप', आणि त्यातला 'किल' म्हणजे आपला 'म्हणे'च, हेही दाखवले. मागच्या बाकावर डुलक्या घेणारा आमचा मित्र त्या दिवसापासून 'विललाप' झाला.

पुढे मी कर-सल्लागार झालो. मराठीत ज्याला अप्रत्यक्ष कर म्हणतात, त्याला हिंदीत परोक्ष करही म्हणतात. व्यापारी भरतो, पण भार गिऱ्हाइकावर पडतो, हे अशिलांना समजावताना मला फळ्यावरची ती फोड फार उपयोगी पडली. आता मात्र शिकलेली माणसेही 'माझ्या अपरोक्ष' असे गैरहजेरीच्या अर्थाने सर्रास म्हणतात. रूढीपुढे व्याकरणाचे चालत नाही हे मान्य, तरी माझी जीभ तेथे अडते.

सर गेले तेव्हा मी रायपूरला होतो आणि बातमी पत्राने चार दिवसांनी कळली. त्या पत्राच्या पाठीमागे मी लिहून ठेवले, 'गुरुर्दिवं जगाम.' रूप लिट्चेच होते.