पावतीतला पी

खडेबाजारजवळ माझं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. बेळगावात बिलबुकं, पत्रिका, पाट्या सगळं तीन भाषांत लागतं. मराठीतली वेलांटी चुकली की भांडण, कानडीतली चुकली तरी भांडण. इंग्रजीकडे सहसा कुणी ढुंकून बघत नाही.

त्या दिवशी मात्र खानापूरकडचे एक खतविक्रेते पावतीपुस्तकाचं प्रूफ घेऊन आले. 'रिसीट'मधल्या पीभोवती लाल पेनानं गोल केलेला.

"हा पी कशाला घुसडलाय ओ? बोलताना कुठं ऐकू येतोय?"

"काका, तो असतोच."

मग सांगावंच लागलं. शब्द फ्रेंचांकडून आला. मूळ लॅटिनमध्ये 'रिसेप्टा' आहे हे पंडितांना खुपलं, म्हणून लिहिताना पी बसवला. बोलण्यात तो काही आला नाही.

"मग 'डिसीट'मध्ये पण असंल की."

"नाही."

"म्हणजे पावतीला पी, फसवणुकीला नाही? आणि आहे तो नुसता पंगतीला बसवायचा, पानात काही वाढायचं नाही!"

सॅम्युअल जॉन्सननं 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेत नेमकी हीच जोडी दिली आहे. बहुतेक लोक असं लिहितात म्हणून मीही लिहितो, म्हणाला. कोशकारानंच हात टेकले, तिथं माझी काय कथा!

बाकावर एक निवृत्त सुभेदार लेटरहेडसाठी बसले होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच, त्यामुळे फौजी गिऱ्हाईक नेहमीचं. त्यांनी प्रूफ ओढून मागच्या बाजूला एकेक अक्षर सुटं काढलं: सी, ओ, एल, ओ, एन, ई, एल.

"आयुष्यभर कर्नलसाहेब म्हणून सलाम ठोकला. ह्यात आर दाखवा."

नाहीच. इटालियन 'कोलोनेल्लो'तल्या पहिल्या एलचा फ्रेंचांनी आर केला. इंग्रजांनी बोलायला आरवाला घेतला, लिहायला एलवाला. आपण कानाला आलं तसं लिहून मोकळे झालो, हे माझ्या मते शहाणपणाचं. दुकानातला कानडी ऑपरेटर तर हसून हसून कीबोर्डवर आडवा.

"राहू दे तो पी," काका शेवटी म्हणाले. "पण 'पावती' मराठीत नि कानडीत वर, मोठ्या टायपात घाल. दोन्हीकडं चालतंय. इंग्रजी खाली, बारीक. आणि न बोलायच्या अक्षराचे पैसे कमी कर."

छपाईचा दर अक्षरावर नसतो, पुस्तकावर असतो, हे पटवायला आणखी एक चहा मागवावा लागला.